मांडीवरचा पेशंट

शहादा-तळोदा एसटीत कुणी कॉम्प्युटरचं खोकं गोधडीत गुंडाळून मांडीवर घेऊन बसलेलं तुम्ही पाहिलं असेल, तर ते आमचे मास्तर. खोकं म्हणजे कॉम्प्युटरचा तो उभा डबा. हल्ली खोके म्हटलं की लोकांच्या मनात भलतंच येतं, म्हणून आधीच सांगून टाकते. डबा वरच्या फळीवर ठेवायला मास्तर तयार नसत, पायाशी ठेवायलाही नसत. कंडक्टर विचारायचा, "काय शे हाई?" मास्तर अगदी सरळ चेहऱ्यानं सांगायचे, "पेशंट शे. तळोदाले ली जाई ऱ्हायनू." पहिल्यांदा ऐकणारा कंडक्टर गोधडीचं टोक उचलून बघायचा. दुसऱ्या खेपेला तोच कंडक्टर पेशंटची तब्येत विचारायचा.

मास्तर शहाद्याच्या एका कॉलेजात प्रयोगशाळा सांभाळायचे. निवृत्त झाले आणि घरी बसून टीव्ही बघायच्या ऐवजी त्यांनी हे खूळ घेतलं. शहादा म्हणजे ऊस-केळीचा मुलूख, तिथल्या सोसायट्या आणि ऑफिसं दर चार वर्षांनी कॉम्प्युटर बदलतात आणि जुने मागच्या खोलीत धूळ खात टाकतात. मास्तर ते मागून आणायचे, पुसायचे, दोन मेलेल्यांतून एक जिवंत करायचे आणि त्यात लिनक्स टाकायचे. लिनक्स म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी सिस्टीमच, आपल्या नेहमीच्या विंडोजसारखी. फरक एवढाच की ती कुणाच्या मालकीची नाही. ती कुणीही घ्यावी, आत काय आहे ते उघडून बघावं, बदलावं, दुसऱ्याला द्यावं. अशी अकरा खोकी त्यांनी तळोद्यात एका खोलीत मांडली होती, आणि सातपुड्यातल्या पाड्यांवरून शिकायला आलेल्या मुलींना ते तिथं शिकवायचे. ती खोली माझ्या दुकानाला लागून.

माझं दुकान झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्मचं. जातीचा दाखला, शिष्यवृत्ती, भरतीचा अर्ज, सगळं माझ्याकडे. मी तळोद्याची सून, आणि स्वभावानं इतकी भित्री की दुकानासमोर सरकारी जीप नुसती वळायला थांबली तरी मी काउंटरवरचे कागद आवरायला घेते. सासरे म्हणायचे, हिला साधं पोस्टाचं पाकीट आलं तरी ही आधी देवाजवळ ठेवते. ते खोटं नाही. मास्तरांचं आणि माझं जमलं कसं, हेच नवल. त्यांना भीती म्हणून ठाऊक नव्हती, निदान मला तसं वाटायचं. मी काही कुरकुर केली की ते म्हणायचे, "ताई, कसाले घाबरस? मी शे ना." आणि इंटरनेटची लाईन माझ्याच दुकानातून त्यांनी भिंतीला भोक पाडून खोलीत नेली होती. लाईन माझ्या नावावर. हे लक्षात ठेवा, पुढं सगळं याच्यावरूनच झालं.

मास्तरांच्या एकाही खोक्याला बाजूचं झाकण नव्हतं. नवीन माणसाला वाटायचं, दुरुस्ती अर्धवट राहिली. पण ते मुद्दाम. मुलगी पहिल्या दिवशी आली की मास्तर तिला समोर बसवायच्या आधी बाजूला बसवायचे. हा पंखा, ही मेमरी, ही डिस्क, हिच्यात तू लिहिलेलं राहतं. बोट लाव, चटका बसत नाही. "ज्याचं झाकण मला उघडता येत नाही, ते मी घरात आणत नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एकदा मी चेष्टेत म्हटलं, मग प्रेशर कुकरचं काय करता? तर म्हणाले, शिट्टी झाली की उघडतो की. मास्तरांशी वाद घालण्यात अर्थ नव्हता.

दुसरी पद्धत अशी, की कीबोर्डवर पहिला शब्द टाइप करायचा तो आईचं नाव. त्यानंतर आईच्या तोंडचे शब्द. घरी पावरी किंवा भिली बोलणाऱ्या मुली, शाळेत मराठी, त्यामुळे आपल्या बोलीतला शब्द पडद्यावर उमटलेला त्यांनी कधी बघितलेलाच नव्हता. एका मुलीनं पाखरांची नावं लिहिली, दुसरीनं सोयऱ्यांना काय काय म्हणतात ते लिहिलं. मास्तरांनी त्यांच्या उच्चारांसाठी कीबोर्डच्या कळा बदलून दिल्या. लिनक्सचं झाकण उघडतं म्हणून ते जमलं, असं ते अभिमानानं सांगायचे. वर्षानुवर्षं या शब्दांची एक मोठी वही तयार होत गेली. ती वही होती कोपऱ्यातल्या सगळ्यांत जुन्या खोक्यात. त्याला मास्तर 'थोरली' म्हणायचे. खोली बंद करताना सगळ्यांत शेवटी थोरलीच्या डोक्यावर टपली मारून निघायचे. मला हसू यायचं.

आणि तिसरी खोड मेमरी कार्डाची. दिवाळी झाली की डोंगरातली माणसं ऊसतोडीला, गुजरातेत कामाला निघतात. निघण्याआधी मोबाइलच्या दुकानात जाऊन कार्डात गाणी भरून घेतात, पुढचे चार महिने तीच सोबत. मास्तर हे काम फुकट करायचे. तळोद्याच्या जीपस्टँडवरून लोक थेट त्यांच्या खोलीत यायचे. होळीची गाणी, लग्नाची गाणी, जे मागतील ते भरून द्यायचे, आणि न मागता शेवटी त्यात वहीची एक नक्कल टाकायचे. मी म्हणायचे, अहो, त्यांना काय कळतंय त्यातलं, उगाच जागा अडवता. ते म्हणायचे, "एकाच जागी ठेवलं म्हणजे ठेवलंच नाही, ताई." मी मान हलवायचे आणि माझ्या झेरॉक्सला लागायचे.

मग तो नियम आला. लोकांसाठी कॉम्प्युटर मांडलेल्या प्रत्येक ठिकाणी, म्हणजे सायबर, क्लास, वाचनालय, फॉर्मचं दुकान, प्रत्येक कॉम्प्युटरमध्ये एक गाळणी बसवायची. फिल्टर. वाईट पानं ती अडवणार, आणि कोण बसलं, काय उघडलं ते लिहून रोज वर पाठवणार. मुदतीत बसवली नाही तर खोली सील आणि मालकावर केस. कागद हातात आला तेव्हा मला मनापासून सांगायचं तर बरंच वाटलं. पोरं दुकानात बसून काय काय उघडतात, ते मी डोळ्यांनी बघितलेलं आहे. मी त्याच दिवशी ती गाळणी माझ्या कॉम्प्युटरमध्ये बसवून टाकली. पाच मिनिटांचं काम. हिरवी खूण आली, मी हुश्श केलं.

मास्तरांकडे ती बसेना. गाळणी फक्त विंडोजवर चालायची. लिनक्ससाठी केलेलीच नव्हती, आणि करणार का, हे कुणाला ठाऊक नव्हतं. नियमात मात्र 'प्रत्येक कॉम्प्युटर' असं लिहिलेलं. आणि गंमत बघा, गंमत कसली, माझ्या कॉम्प्युटरमधलं विंडोज चोरीचं. सीडीवाल्यानं टाकून दिलेलं, इथं सगळ्यांकडे तसंच असतं. ते चोरीचं असून मी कायद्यात बसले, आणि ज्यानं आयुष्यात एक चोरीची फाइल घेतली नाही तो माणूस बेकायदेशीर ठरला. हे मी मास्तरांना बोलून दाखवलं तेव्हा ते हसले नाहीत. मास्तर हसले नाहीत, तिथंच मला पहिली धडकी भरली.

ते नंदुरबारला एका ऑफिसात अर्ज घेऊन गेले. माझ्या सिस्टीमसाठी गाळणी द्या, मी बसवतो. नाहीतर ती आतून कशी आहे ते दाखवा, मी स्वतः तयार करून घेतो. तिथल्या माणसानं विचारलं, तुमच्या कॉम्प्युटरला खाली कोपऱ्यात स्टार्टचं बटण आहे का? मास्तर म्हणाले, नाही. मग तो कॉम्प्युटर कसला, म्हणाला. मास्तर दुसऱ्यांदा गेले, तिसऱ्यांदा गेले. सुवाच्य अक्षरात अर्ज, खाली सही, सोबत जोडपत्र. परत आले की माझ्या दुकानातल्या स्टुलावर बसून पाणी प्यायचे आणि पुढच्या अर्जासाठी कोरा कागद मागायचे.

त्याच दिवसांत आणखी एक झालं. मोठी फाइल जगभरच्या लोकांकडून तुकड्यातुकड्यांनी गोळा करायची एक पद्धत असते. मास्तर लिनक्सची नवी आवृत्ती तशीच उतरवायचे. पण लोक चोरीचे सिनेमेही त्याच रीतीनं उतरवतात, म्हणून ती पानं सरसकट बंद झाली. मी काहीतरी विचारायला खोलीत गेले तर थोरलीच्या पडद्यावर काळ्या अक्षरांत सूचना. हे पान आदेशाने बंद करण्यात आले आहे, ते पाहणे शिक्षेस पात्र ठरू शकते. मी आधी दार लोटून घेतलं. मास्तर म्हणाले, अगं, मी सिनेमा नाही बघत, सिस्टीम उतरवतोय, ती देणारे स्वतःच म्हणतात घ्या म्हणून. मी म्हटलं, हे तुम्हाला माहीत आणि मला माहीत. वर जे बसलेत त्यांना दिसणार ते नाव कुणाचं? लाईन माझ्या नावावर आहे, मास्तर. त्यांनी पडदा बंद केला. मग हळूच म्हणाले, "ताई, माले बी भ्याव वाटस."

त्यांना शिक्षेचं भय नव्हतं. ती गाळणी माझ्या कॉम्प्युटरवर त्यांनी तासभर तपासली होती. म्हणाले, हिचं झाकणच उघडत नाही. ही काय वाचते, कुणाला सांगते, काही कळायला मार्ग नाही. आणि अशी वस्तू मी या पोरींच्या आयांच्या नावांशेजारी बसवायची? सातपुड्यात यादी म्हटलं की लोक का बिचकतात, ते इथं राहणाऱ्याला सांगावं लागत नाही. एकदा याद्या झाल्या आणि नर्मदेकाठची गावं पाण्याखाली गेली, एकदा याद्या झाल्या आणि जंगलातली जमीन कुणाची म्हणून दारात माणसं आली. रंजना पावरा म्हणून एक मुलगी नर्सिंगच्या प्रवेशाची तयारी करत होती, मास्तरांची सगळ्यांत हुशार विद्यार्थिनी. तिच्या आईनं डोंगरातून निरोप पाठवला होता, कॉम्प्युटरमध्ये नाव लिहून वर पाठवणार असतील तर शिकू नको, घरी ये.

पौष महिना होता. मास्तर चौथा अर्ज घेऊन सकाळच्या गाडीनं नंदुरबारला गेले. खोलीची किल्ली नेहमीप्रमाणे माझ्याकडे. अकराच्या सुमाराला माझ्या मोबाइलवर मेसेज आला की उद्या सकाळी तपासणी. मास्तरांना फोन लावला, बंद. सरकारी ऑफिसात शिरताना फोन बंद करायची त्यांची शिस्त. परत लावला, परत बंद. शेजारचा मोबाइलवाला सांगायला लागला की कुठल्याशा तालुक्यात एका क्लासला सील ठोकलं, मालकाला दोन दिवस बसवून ठेवलं, आणि लाईन ज्याच्या नावावर त्यालाही. खरं-खोटं देव जाणे. मला मात्र दिसायला लागलं, माझ्या शटरवर लाख लावलेलं फडकं, आणि पासष्टीचे मास्तर कुठल्यातरी बाकावर बसलेले.

भीतीनं माणूस किती झपाट्यानं कामं करतो, ते मी त्या दिवशी शिकले. कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या एकाला बोलावलं. म्हटलं, अकराच्या अकरा खोक्यांत विंडोज टाक आणि वर गाळणी बसव, संध्याकाळपर्यंत. तो म्हणाला, आधीचं सगळं पुसलं जाईल, आतलं काही हवंय का? मला वही आठवली. एवढी अक्कल होती मला. थोरली सुरू केली. पडद्यावर 'वही' लिहिलेलं पिवळं चित्र होतंच. ते उचललं, पेनड्राइव्हमध्ये टाकलं. क्षणात कॉपी झालं. मला आनंद झाला की एवढी मोठी वही आणि इतकी पटकन आली. पेनड्राइव्ह रुमालात बांधून कमरेला खोचला. दुरुस्तीवाल्यानं पुन्हा विचारलं, "आतला डेटा घेतला ना, मॅडम?"

मी म्हटलं, "घेतला."

ज्यांना कळलंय त्यांना कळलंय. ज्यांना नाही, त्यांच्यासाठी सांगते. पडद्यावरचं ते चित्र म्हणजे वही नव्हती. वहीकडे जायचं दार फक्त, शॉर्टकट म्हणतात तो. कोपऱ्यात बारीक बाण होता त्याच्या. असलाच बाण माझ्या स्वतःच्या पडद्यावर मी रोज बघत होते, कितीतरी वर्षं. कॉम्प्युटरवर पोट भरणाऱ्या बाईनं घर सोडून दाराची फळी उचलून आणली, आणि मागं घर पाडायला माणूस लावला.

मास्तर चारच्या गाडीनं आले. लांबूनच हातातला कागद हलवत आले, तसा त्यांचा चेहरा मी कित्येक दिवसांत पाहिला नव्हता. साहेब भेटले होते. अर्ज वाचला होता. लिनक्ससाठी काय करायचं ते वर विचारून कळवतो, तोवर या खोलीला एक महिन्याची सवलत, असं शिक्क्यानिशी लिहून दिलं होतं. "बघ ताई, सांगनू ना तुले, कसाले घाबरस," म्हणत ते खोलीत शिरले. आत अकरा पडदे एकसारखे निळे. दुरुस्तीवाला जाता जाता कुठून तरी शोधून चार खोक्यांना झाकणंही बसवून गेला होता, टापटीप दिसावं म्हणून.

मी बोलायला लागले. मेसेज, सील, फोन बंद, लाईन माझ्या नावावर, सगळं एका दमात. पेनड्राइव्ह त्यांच्या हातात ठेवला. त्यांनी तो लावला, चित्रावर टिचकी मारली, आणि पडद्याकडे बघत राहिले. मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं हो. त्यांनी उठून थोरलीचं झाकण काढलं, भिंतीला टेकवून ठेवलं आणि म्हणाले, "पोरींना आज काही सांगू नकोस."

दुसऱ्या दिवशी तपासणी झाली. तपासणीला आलेले साहेब भले गृहस्थ होते, चहा घेतला, आता कसे कॉम्प्युटरसारखे कॉम्प्युटर दिसतायत म्हणाले, सही करून गेले. गाळणी बसलेली दिसल्यावर सवलत कुठली, तो कागद मास्तरांच्या खिशातच राहिला.

नंतर त्यांनीच मला समजावलं, वही पूर्ण गेलेली नाही. दिवाळीपर्यंतची वही कार्डांत आहे, आणि कार्डं माणसांबरोबर बाहेरगावी आहेत. "होळीले येथीन सगळा. होळीलोंग थांबूत." पण दिवाळीनंतरचं कार्डांत नव्हतं, आणि तेच त्यांना खात होतं. रंजनाच्या पाड्यावरची एक म्हातारी खूप आजारी होती. तिच्याजवळ बसून रंजनानं जंगलातल्या कंदांची, मुळांची नावं लिहून आणली होती. कुठला कंद कधी खणायचा, कुठला दोनदा उकळल्याशिवाय खायचा नाही, हे सगळं. ते नुकतंच टाइप झालेलं. त्या पौषातच म्हातारी गेली.

पुसलेल्या डिस्कवरून जुनं परत उकरून काढायचा एक प्रोग्राम असतो, लिनक्सवाल्यांनीच केलेला. मास्तर तो उतरवायला बसले तर गाळणीनं अडवलं. पडद्यावर लाल पट्टी आली, हे साधन धोकादायक वर्गात मोडते. म्हणजे कुलूप तोडणाऱ्याची पहार आणि विहिरीत पडलेली कळशी काढायचा गळ, गाळणीला दोन्ही सारखेच. माझ्या मोबाइलवर ते पानच उघडेना. मास्तर माझ्या दुकानात आले, स्टुलावर बसले. म्हणाले, ताई, तुझ्या कॉम्प्युटरवरची गाळणी एक तासभर काढतो, प्रोग्राम घेतो, परत बसवून देतो. मी विचारलं, काढलेली वर कळेल का? मास्तर खोटं बोलत नसत. म्हणाले, कळेल.

मी नाही म्हटलं.

एवढंच सांगायला मी हे लिहायला घेतलं असावं. बाकीचं सगळं चूक होती, अडाणीपणा होता, देव माफ करेल. ही चूक नव्हती. मला कळत होतं काय मागतायत, कशासाठी मागतायत आणि ते कुणामुळं गेलंय. तरी मी नाही म्हटलं, कारण मला भीती वाटत होती. मास्तर म्हणाले, "बरं." स्टूल उचलून जागेवर ठेवलं. जाताना म्हणाले, "वाईट नको वाटून घेऊ. भ्यालेल्या माणसाकडून मागायला नको होतं मी."

मुली एकेक करून येईनाशा झाल्या. बसायच्या आधी आधारचा नंबर टाकायचा, नाव वर जाणार, म्हणून. रंजना येत राहिली. पण स्तनांच्या कॅन्सरचा धडा तिनं शोधला तर लाल पट्टी, बाळंतपणाचा शोधला तर लाल पट्टी, आणि पट्टीखाली तिचंच नाव. त्या दिवशी ती कॉम्प्युटर तसाच सोडून बाहेर आली आणि माझ्या दुकानाच्या पायरीवर बसून विचारायला लागली, ताई, मला पकडतील का? नर्स व्हायला निघालेली पोर.

माघात मास्तरांनी थोरलीची डिस्क काढली, रुमालात गुंडाळली आणि मुलीकडे सुरतेला गेले. तिथं त्यांचा एक जुना दोस्त होता, त्याच्या घरच्या कॉम्प्युटरवर गाळणी नव्हती. किल्ली माझ्याकडे दिली. दिली हो, परत माझ्याकडेच दिली. मी एसटी स्टँडवर सोडायला गेले होते. मला माफी मागायची होती, पण गाडी लागली, गर्दी झाली, जागा धरायच्या नादात ती राहिली. आठव्या दिवशी त्यांच्या मुलीचा फोन आला. छातीत दुखलं, दवाखान्यात नेईपर्यंत संपलं. दोस्ताकडे जायचंच राहिलं होतं. डिस्कचं मी पुढं खूप दिवसांनी, लाजत लाजत विचारलं. तिला आठवेना. बाबांचं इलेक्ट्रॉनिक सामान होतं बरंच, ते भंगारवाल्याला दिलं, म्हणाली. तिचा काय दोष. ती चपटी डबी म्हणजे काय आहे, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

तळोद्यात इतकी वर्षं काढून मी डोंगर कधी चढले नव्हते. जीपमध्ये पंधरा माणसं, एका बाजूला दरी, माझ्यानं ते व्हायचं नाही. त्या फाल्गुनात मात्र रंजनाला म्हटलं, काठी गावच्या होळीला मी येते. सगळे मजूर होळीला परततात, आणि काठीची राजवाडी होळी म्हणजे आसपासचे सगळे पाडे एका ठिकाणी. घाटात मी डोळे मिटून रंजनाचा दंड इतका आवळला की वळ उठले. ढोल वाजत होते, मोरपिसांचे टोप घातलेले, अंगावर पांढरे ठिपके काढलेले नाचणारे येत होते, आणि दुकान सांभाळणारी मी, पिशवीत लॅपटॉप घेऊन, माणसामाणसाला विचारत होते, मास्तरांनी गाणी भरून दिलेलं कार्ड आहे का? मास्तर गेले, हे बऱ्याच जणांना तिथंच कळलं. कंबरेला घुंगरं बांधलेल्या एका माणसानं नाचातून बाहेर येऊन मोबाइल उघडला आणि कार्ड काढून माझ्या तळव्यावर ठेवलं. घामानं भिजलेलं होतं. मी ते पदराला पुसलं आणि रंजनाकडे दिलं, तिनं ते लॅपटॉपमध्ये लावलं.

होती वही. गाण्यांच्या खाली, शेवटी. कुणाकडे गेल्या वर्षीच्या दिवाळीची, कुणाकडे ह्या. पाखरं मिळाली, सोयरे मिळाले, आयांची नावं मिळाली. कंद मिळाले नाहीत. रंजनाला थोडेसे आठवतात. दोनदा उकळायचा तो कुठला, हे नक्की आठवत नाही, म्हणून ते आम्ही लिहिलेलं नाही.

थोरलीला नवी डिस्क घातली, रंजनानं त्यात लिनक्स टाकलं, वही टाकली. रंजनाला नर्सिंगला प्रवेश मिळाला, आता ती शहाद्याला खोली घेऊन राहते. थोरली तिच्याकडेच ठेवायचं ठरलं. गाळणीचा नियम लोकांसाठी मांडलेल्या कॉम्प्युटरला आहे, घरातल्याला अजून नाही. हा 'अजून' मी दिवसातून चारदा मनात म्हणते.

गेल्या महिन्यात मीच तिला शहाद्याला घेऊन गेले. गोधडीत गुंडाळली, मांडीवर घेतली. झाकण नव्हतंच, त्यामुळे आतलं लोखंड मांडीला टोचत होतं. स्टँडवर दोन पोलीस चहा पीत उभे होते, त्यांच्याकडे मी बघितलंसुद्धा नाही. कंडक्टर आला, तिकिटं फाडत फाडत माझ्यापाशी थांबला आणि गोधडीकडे बघून म्हणाला, "काय शे हाई?"

घरापासून स्टँडपर्यंत मी पाठ केलं होतं काय सांगायचं ते. तोंडातून निघालं, "मिक्सर." आवाज माझा मलाच ओळखू आला नाही. डोळ्यांत पाणी आलं, रागानं, स्वतःवरच्याच रागानं. मास्तरांचं एक वाक्य तेवढं बोलायचं होतं, तेही मला जमलं नाही.

कंडक्टर गेला नाही. वाकला, गोधडीचं टोक नीट केलं, आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाला, "मास्तरना पेशंट शे ना? घट्ट धरा." मग पुढच्या सीटकडे वळून त्यानं दुसऱ्याचं तिकीट फाडलं.

मी घट्ट धरलं. शहादा येईपर्यंत मी तिला खाली ठेवलं नाही.